काटकोनात बसवलेला माणूस

खुर्ची या वस्तूबद्दल माझ्या मनात आता काडीचाही आदर उरलेला नाही, हे आधीच सांगून टाकतो. ज्यांना खुर्चीविषयी चार चांगले शब्द ऐकायचे असतील त्यांनी पुढाऱ्यांकडे जावं.

झालं असं की आमच्या कंपनीने एक परिपत्रक काढलं. आमची कंपनी कपडे धुण्याची मशीनं बनवते आणि मी त्या मशीनांबद्दलच्या शिव्या खातो. हुद्दा 'ग्राहक समाधान अधिकारी' असा भरजरी आहे, पण काम हेच. कानाला हेडफोन लावायचा, समोरचा माणूस आपल्या सात पिढ्यांचा उद्धार करून दमला की म्हणायचं, "आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल आम्ही दिलगीर आहोत." हे दिलगीर होणं मी घरून करतो. तर परिपत्रक म्हणत होतं की घरून काम करणाऱ्या प्रत्येकाने महिन्याभरात 'आरोग्यपूर्ण आणि उत्पादक कार्यस्थळ' उभारावं. तज्ज्ञ घरी येऊन तपासणी करतील. जो नापास होईल त्याने दुसऱ्या दिवसापासून ऑफिसात हजर व्हावं.

ऑफिसात माझी जागा साहेबांच्या केबिनच्या काचेला लागून. साहेबांना मी हवा असलो की ते आतून काचेवर टिचकी मारतात आणि मी मत्स्यालयातल्या माशासारखा वळून बघतो. उरलेलं आयुष्य मासा म्हणून काढायची माझी तयारी नव्हती. पण ते दुय्यम. खरा प्रश्न आईच्या गुडघ्याचा होता.

त्यासाठी माझी काम करायची पद्धत सांगायला हवी. मी तापट आहे. घराण्यातच आहे ते; माझे आजोबा म्हणे भिंतीवरच्या घड्याळाशी भांडायचे. त्यामुळे एका जागी बसून मला माफी मागता येत नाही. बसलो की राग डोक्यात साठतो. चालत राहिलो की तो पायांतून निघून जातो. आमचं घर म्हणजे दोन खोल्या, एक स्वयंपाकघर आणि त्यांना जोडणारा एक लांबलचक बोळ. बिल्डरला अक्कल नव्हती म्हणून जिथे तिसरी खोली व्हायची तिथे हा बोळ झाला. मी या बोळात येरझाऱ्या घालत दिलगीर होतो. दारापासून गॅलरीपर्यंत गिऱ्हाईक बोलतं, गॅलरीपासून दारापर्यंत मी.

आणि माझ्यामागे आई. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टर म्हणाले, "रोज चालायचं. नाही चाललात तर गुडघा आखडेल, मग जन्माची काठी." आईने व्यायाम शिकवणाऱ्या बाईंना दोन दिवसांत पळवून लावलं. वॉकर ओले कपडे वाळत घालायला वापरला. मात्र एकदा मी बोळात एका गिऱ्हाईकाच्या शिव्या खात असताना ती उठली, माझ्या सदऱ्याचं मागचं टोक धरलं आणि चालायला लागली. का, तर पुढे काय झालं ते ऐकायला! मी फोन स्पीकरवर टाकला आणि तेव्हापासून हा रोजचा परिपाठ झाला. मी पुढे, आई मागे. शिवाय तिचं समालोचन. "बरोबर आहे रे त्याचं! नवी साडी फाडली तुमच्या मशीननं. नीट माफी माग!" हे सगळं गिऱ्हाईकाला ऐकू जायचं. काहीजण तर विचारायला लागले, "त्या मागच्या बाई आज नाहीत का?"

म्हणजे मी मासा झालो असतो तर आई खाटेला खिळली असती. म्हणून मी कार्यस्थळ उभारायला घेतलं. आईला वाचवण्यासाठी आईचंच वाटोळं करायला निघालोय हे तेव्हा कळलं नाही. कळत असतं तर मी तक्रार विभागात कशाला असतो?

*

पहिला सल्ला वरच्या मजल्यावरून आला. तिथे मणका काका राहतात. गळ्याला कायम पट्टा, त्यामुळे ते कोणाकडेही मान वळवून बघू शकत नाहीत. अख्खे वळतात, लष्करी तोफेसारखे. पाठीच्या कण्यावर त्यांचा फार अभ्यास आहे. अभ्यास इतका आणि मान अशी, हे मी एकदा बोलून दाखवलं होतं तर ते म्हणाले, "आजारी माणसालाच आजार कळतो."

"काटकोन!" काका दारातूनच गरजले. "सगळं शास्त्र एका शब्दात आहे. कोपर काटकोनात, गुडघा काटकोनात, कंबर काटकोनात. नजर समोर."

"माणूस म्हणायचं का कपाट?" मी विचारलं.

"हस तू. चाळिशीनंतर रडशील."

"काका, चाळिशी होऊन गेली."

"मग रड."

मी खुर्ची मागवली. जाहिरातीत ती कापसासारखी दिसत होती. प्रत्यक्षात आली ती दोन हमाल, पाच चाकं आणि तेरवीच्या जेवणाला बसल्यासारखं गंभीर तोंड घेऊन. दारातून आत शिरेना. आडवी करून पाहिली, उभी करून पाहिली, तिचे हात काढायला गेलो तर हमालांपैकी एक म्हणाला, "साहेब, खुर्ची मोडेल. दार काढा." मला ते पटलं, यावरून माझी मनःस्थिती ओळखा. दार काढलं. खुर्ची आत आली. दार परत लावलं तेव्हा ते चौकटीत बसेना. त्या दिवसापासून आमचं दार लागत नाही. रात्री आम्ही त्याला खुर्चीचं खोकं टेकवून झोपतो.

खुर्चीला जागा हवी म्हणून पुढच्या खोलीतला जुना सोफा बोळात काढला. "चार दिवसांचा प्रश्न आहे," मी म्हणालो. सोफा बोळात असा फिट्ट बसला जणू बोळ त्याच्याच मापाने बांधला होता. पलीकडे जायचं तर सोफ्यावर चढून उतरावं लागे. बायकोने हे पाहिलं, पदर खोचला, सोफा ओलांडला आणि पलीकडून म्हणाली, "अहो, आई कशा चालणार?"

"चार दिवस," मी म्हणालो.

आता टेबल. टेबल आलं ते माझ्या कोपरापेक्षा खाली. मणका काकांनी माझा हात दाबून पाहिला आणि म्हणाले, "हा काटकोन नाही. हा अपमान आहे." मग टेबलाच्या पायांखाली विटा लावल्या. टेबल वर गेलं, पण लॅपटॉप कपाळाच्या रेषेत आला. मग खुर्ची वर हवी. तिचा खटका दाबला तशी ती वर गेली, पण पुरेशी नाही. तिची चाकं काढून तिच्याखालीही विटा. आता पाय लोंबकळायला लागले. पायांखाली आईचा पाट. मग पाट फारच खाली राहतोय म्हणून पाटाखाली विटा. इमारतीमागे दुरुस्तीसाठी आणलेल्या विटा कमी होताहेत म्हणून रखवालदाराने चौकशी सुरू केली तेव्हा मी थांबलो. थांबलो त्याचं दुसरंही कारण होतं. हात वर करून आळस द्यायला गेलो आणि पंख्याचं पातं बोटाला लागलं.

"नजर समोर?" काकांनी खालून विचारलं.

"समोर खिडकीची वरची चौकट आहे," मी वरून म्हणालो. "तिच्यावर धूळ आहे."

त्या उंचीवर पंखा लावणं म्हणजे आत्महत्या. पंख्याविना घामाच्या धारा. म्हणून टेबलफॅन. टेबलफॅनला प्लग. प्लगला भिंतीत भोक. आणि भोकाला, मायबाप वाचकहो, सोसायटीच्या सेक्रेटरीची परवानगी.

आमचे सेक्रेटरी जिना उतरतानाही नियमात उतरतात. मी अर्ज दिला. त्यांनी तो उलटा करून वाचला, सुलटा करून वाचला.

"भोक कशासाठी?"

"काम करण्यासाठी."

"म्हणजे घरात धंदा चालतो तुमच्या?"

"धंदा नाही हो. मी माफी मागतो."

"कोणाची?"

"लोकांची."

"पैसे घेऊन?"

"पगार मिळतो."

"म्हणजे धंदाच की!" असं म्हणून त्यांनी अर्जावर 'व्यावसायिक वापर, विचाराधीन' असा शेरा मारला. मी तापलो. मी म्हणालो, "तुम्ही आयुष्यभर सरकारी खात्यात बसून लोकांना हेलपाटे घालायला लावलेत, तेव्हा एकदा तरी माफी मागितलीत का? मी तुमच्या वाटचीही मागतोय!" हे बोलायला नको होतं असं बायकोचं मत आहे. माझं मत आहे की हे आधीच बोलायला हवं होतं. परवानगी अर्थातच मिळाली नाही. मग मी रागाच्या भरात स्वतःच भोक पाडलं.

भिंतीत नळाचा पाइप होता.

त्यापुढचा तास मी सांगत नाही. एवढंच सांगतो की खालच्या मजल्यावरचे लोक छत्री उघडून घरात बसले होते, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा पगाराशिवाय दिलगीर झालो.

बायको बँकेत कॅश काउंटरवर बसते. संध्याकाळी घरी आली, ओला जिना चढली, न लागणारं दार ढकललं, सोफा ओलांडला आणि विटांच्या डोंगरावर बसलेल्या नवऱ्याकडे मान वर करून बघत राहिली.

"मी गेली कित्येक वर्षं एका मोडक्या स्टुलावर बसून लोकांचे पैसे मोजते," ती म्हणाली. "पाठ धरते, मान धरते. माझा कोपर काटकोनात आहे का, हे विचारायला कोणी कुत्रं आलं नाही. तुमचं मात्र कार्यस्थळ!"

मी खटका दाबून खुर्चीसकट वीतभर खाली आलो.

*

आणि इकडे आई बसून होती. चार दिवसांचे किती चार दिवस झाले ते मोजायची हिंमत नव्हती. सोफा बोळात, मी डोंगरावर. आई खाटेवर बसून भिंतीकडे बघायची. मी चालत नाही म्हणून ती चालत नाही. खुर्चीत बसून मी फोन घ्यायचो आणि माझी माफी दिवसेंदिवस कडू व्हायला लागली होती. एका बाईंना मी म्हणालो, "सदरा आटला? मग तो धाकट्याला घाला!" आई तिकडून म्हणाली, "काय रे हे बोलणं?" पण उठली नाही. डॉक्टरांनी गुडघा वाकवून पाहिला, आईच्या तोंडून "आई गं" निघालं, आणि ते माझ्याकडे बघून म्हणाले, "आखडायला लागलाय. अजून असंच बसवून ठेवलंत तर मग माझ्याकडे आणू नका."

मी सोफा हलवायला गेलो. हलेना. मी, बायको आणि काका मिळून ढकलला. काका वाकू शकत नसल्यामुळे त्यांचं ढकलणं म्हणजे सदिच्छा होती. सोफा फरशीला चिकटल्यासारखा घट्ट. आणि दुसऱ्या दिवशी तपासणी.

तपासणीच्या बाई आल्या त्या हातात एक भलामोठा कोनमापक घेऊन. शाळेत गणिताच्या सरांकडे लाकडी असायचा तसा. न लागणाऱ्या दाराकडे त्यांनी पाहिलं, सोफ्याकडे पाहिलं, एक हात कमरेवर ठेवून कण्हत सोफा ओलांडला, विटांचा डोंगर चढल्या आणि माझ्या कोपराला कोनमापक लावला.

"उत्तम," त्या म्हणाल्या. "काटकोन."

मग गुडघा. काटकोन. कंबर. काटकोन. मणका काकांचे डोळे भरून आले. मला वाटलं, जिंकलो. तेवढ्यात बाई म्हणाल्या, "आता एक फोन घ्या. बसल्याजागी. कार्यस्थळ उत्पादक आहे का तेही बघायचंय. उत्पादक नसेल तर ऑफिसच बरं."

फोन वाजला.

"अहो, तुमचं मशीन चालत आलंय!" एक माणूस ओरडत होता.

"चालतंय म्हणजे चांगलंच आहे."

"चालत म्हणजे पायांनी! गरगर फिरतं तेव्हा थरथरत थरथरत सरकलं आणि बाथरूमच्या दाराला येऊन टेकलं. दार बाहेर उघडतं. बायको आत आहे. ढकलतोय तर हलत नाही!"

माझ्या डोक्यात साठायला लागलं. पाय पाटावर, पाट विटांवर, राग जाणार कुठे? "मग मी काय करू?" मी म्हणालो. "मशीन मी चालवलं का? तुमच्या फरशीला उतार आहे त्याला कंपनी काय करणार?"

बाईंची भुवई वर गेली. पेन वहीकडे गेलं. मी बघत होतो. बोलणं बंद व्हायला हवं होतं, होत नव्हतं. "आणि मी म्हणतो, माणसाने..."

"ऊठ!"

आईचा आवाज होता. ती खाटेवरून उठली होती. भिंतीला हात धरून, ओठ आवळून, पण उभी. "ऊठ म्हणते ना मेल्या! बाई अडकलीय तिकडे आणि हा फरशीचा उतार सांगतोय. चल!"

मी डोंगरावरून खाली उडी मारली. विटा निसटल्या, टेबलफॅन पडला, खुर्ची मागच्या मागे कलंडली आणि पाट थेट काकांच्या पायावर. आईने माझ्या सदऱ्याचं टोक धरलं. बोळात आलो. समोर सोफा. आईला घेऊन पलीकडे जाता येईना.

आणि तिकडे फोनवर तो माणूस, "हलत नाही हो! हलत नाही!"

"कसा ढकलतोय विचार," आई म्हणाली.

"कसं ढकलताय?"

"जोरात!"

"गाढवपणा," आई म्हणाली. "जोराने काही हलत नाही. त्याला सांग, एक टोक जरासं उचल आणि खाली पायपुसणं सरकव. मग दुसरं टोक. फरशीवर साबणाचं पाणी टाक. मग ढकलू नको, ओढ."

मी सांगितलं. बायको माझ्या तोंडाकडे बघत होती. मग सोफ्याकडे. मग ती सोफा ओलांडून दाराकडे गेली आणि तिने दारातलं पायपुसणं उचललं.

"अहो, तुम्ही बोलत राहा," ती म्हणाली. "बाई, तुम्ही ते टोक धरता का?"

तपासणीच्या बाईंनी कोनमापक दातांत धरला, तिच्यामागोमाग सोफा ओलांडला आणि दाराकडचं टोक उचललं. बायकोने पायपुसणं सारलं, बादलीतलं साबणाचं पाणी ओतलं.

"ओढू का?" फोनवरून आवाज.

"ओढ!" आई ओरडली.

तिकडे त्याने ओढलं, इकडे बायकोने आणि बाईंनी. आमचा सोफा साबणावरून सर्रकन सुटला, दोघींनी दाराबाहेर बाजूला उड्या मारल्या, सोफा न लागणाऱ्या दारातून सरळ बाहेर गेला आणि आरडाओरडा ऐकून जिन्याच्या चौकात येऊन उभ्या राहिलेल्या सेक्रेटरींच्या पोटरीला लागला. ते त्यावर बसले. बसावंच लागलं.

"ही सामायिक जागा आहे!" ते बसूनच ओरडले.

"म्हणूनच तुम्हाला बसायला मिळालं!" बायको म्हणाली. बँकेत ती असं कधी बोलत नाही. तिची तिथली सगळी बाकी त्या एका वाक्यात निघाली.

बोळ मोकळा झाला. फोनवर एक कडी वाजली, दार करकरलं, आणि एका बाईचा आवाज आला, "इतका वेळ काय करत होतात?" मग तिचा नवरा रडवेला होऊन म्हणाला, "निघाली हो, निघाली!"

मी चालत होतो. दारापासून गॅलरीपर्यंत, गॅलरीपासून दारापर्यंत. राग पायांतून वाहून चालला होता. "आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल," मी म्हणालो, आणि यावेळी ते मनापासून होतं, "आम्ही फार दिलगीर आहोत. उद्या माणूस पाठवतो, मशीनचे पाय नीट बसवून देईल."

"आणि त्या मागच्या बाईंना नमस्कार सांगा," तो म्हणाला.

मागच्या बाई लंगडत होत्या, पण थांबत नव्हत्या. त्यांच्या मागे तपासणीच्या बाई. त्याही चालत होत्या, कोनमापक बगलेत. दोन फेऱ्या झाल्यावर त्या म्हणाल्या, "खरं सांगू? दिवसभर गाडीत बसून लोकांच्या खुर्च्या तपासते. कंबर मोडलीय. आत्ता जरा सुटल्यासारखी वाटतेय."

"सदऱ्याला धरा," आई म्हणाली. "दुसरं टोक मोकळं आहे."

*

बाईंनी अहवाल लिहिला तो बोळातच, भिंतीला कागद लावून. कार्यस्थळ: बोळ. प्रकाश: दोन्ही बाजूंनी. हवा: दार लागत नसल्यामुळे भरपूर. कोपराचा कोन: सतत बदलता, म्हणून उत्कृष्ट. उत्पादकता: एक स्त्री सुखरूप बाहेर. आसन: आवश्यकता नाही.

साहेबांचा फोन आला. "खुर्चीशिवाय पास? असं कसं? जागेवर बसल्याशिवाय शिस्त कशी राहणार?"

"साहेब," मी म्हणालो, "तुम्ही बसा. आम्ही कामाला लागतो." पलीकडे काचेवर टिचकी मारल्यासारखा आवाज आला. बहुधा सवय. मासा मात्र बोळात पोहत होता.

खुर्ची बायकोने बँकेत नेली. मॅनेजरने बाहेरची खुर्ची चालणार नाही असा नियम काढला, तर तिने त्याला मोडक्या स्टुलावर बसवून रांग संपेपर्यंत नोटा मोजायला सांगितल्या. रांग संपायच्या आत त्याने नियम मागे घेतला. आता ती संध्याकाळी येते तेव्हा मान धरलेली नसते. काटकोन वाईट नाही. योग्य माणसाला मिळाला पाहिजे. मणका काकांनी पायाला पट्टी बांधलीय आणि आता ते पावलांचा अभ्यास करताहेत. सोफा जिन्यातच आहे. सेक्रेटरी त्याविरुद्ध रोज नोटीस लिहितात, सोफ्यावर बसून.

परवा डॉक्टरांनी आईचा गुडघा वाकवला. हूं नाही की चूं नाही. "वा! कोणाकडे जाता व्यायामाला?" त्यांनी विचारलं.

"ज्यांचं मशीन बिघडतं त्यांच्याकडे," आई म्हणाली.

त्यात एकच अडचण आहे. कधीकधी कुणाचंच बिघडत नाही. काल सकाळपासून फोन गप्प होता. आई चपला घालून बोळाच्या टोकाला उभी. "एवढी चांगली मशीनं कधीपासून बनवायला लागलात?" तिने संशयाने विचारलं. मग ती गॅलरीत गेली आणि मान वर करून काहीतरी खुणावलं.

जरा वेळाने फोन वाजला.

"हॅलो, तक्रार विभाग? माझं मशीन कपडे धूत नाही."

आवाज फोनमधूनही येत होता आणि छतातूनही.

"काका," मी म्हणालो, "तुमच्याकडे मशीनच नाही."

"म्हणूनच धूत नाही! आणि ही काय बोलायची पद्धत? तीन वेळा फोन दुसऱ्याच कोणाकडे लागला, तेव्हा कुठे तू सापडलास. माफी माग!"

सदऱ्याचं मागचं टोक ताणलं गेलं.

"बरोबर आहे रे त्याचं," आई म्हणाली. "चल."